सिस्टरांच्या घरी ताप येत नाही

आमच्या घरात आजारी पडायला किमान १०१ ताप लागायचा. त्याखालच्या आकड्याला आई ताप म्हणतच नसे. "अंग जरा कोमट आहे," म्हणायची, आणि कोमट अंगाने भूगोल शिकता येतो असं तिचं ठाम मत होतं. आळीतल्या इतर मुलांना नुसती शिंक आली तरी त्यांच्या आया उशाशी येऊन बसत, मीठमोहऱ्या ओवाळून टाकत, वर मऊ भात आणि मेतकूट. आमच्या कपाळाला आईचा हात लागायचा तो उलटा, अर्धा क्षण, आणि तेवढ्यात तिची नजर घड्याळाकडे गेलेली असायची. "काही झालेलं नाही. दप्तर घे."

याला कारण एकच. आई नर्स होती. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली बहुतेक सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी. ज्या बाईने सकाळी सात ते दुपारी दोन या वेळात एक अडलेली बाळंतीण, दोन विंचू, एक फुरसं आणि बैलाने मांडीत शिंग घातलेला म्हातारा निस्तरलेला असे, तिच्यापुढे "आई, घसा खवखवतोय" म्हणणं म्हणजे पुराची पाहणी करायला आलेल्या कलेक्टरला आपल्या मोरीचा नळ गळतो म्हणून सांगण्यासारखं होतं.

चौथीत असताना मी एकदा डबा पोचवायला वॉर्डात गेलो. आई एका म्हाताऱ्याच्या कॉटजवळ वाकून उभी होती. त्याला पाणी पाजत होती आणि म्हणत होती, "घ्या दादा, दोनच घोट. एवढं घेतलं ना, की बरं वाटेल हं." मी डबा हातात धरून तसाच उभा. असा आवाज मी घरी कधी ऐकलेलाच नव्हता. सायीसारखा आवाज. तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चपला बाहेर काढल्यास का?"

त्या दिवशी माझी समजूत झाली की तो आवाज सरकारी मालमत्ता असणार. रुग्णालयाच्या आवाराबाहेर न्यायला परवानगी नसणार. आई नियमाची इतकी पक्की होती की सरकारी टाचणी कधी घरी आली नाही, मग आवाज कुठून येणार?

गावात आईला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. ती सगळ्यांची 'सिस्टर'. पूर्वी युरोपात दवाखाने ख्रिस्ती जोगिणी चालवत, त्यांना सिस्टर म्हणत, तेच नाव पुढे नर्सला चिकटलं. पण आपल्याकडे एकदा नातं चिकटलं की त्याला फांद्या फुटतात. पुरुष नर्स असेल तर तो ब्रदर. वॉर्डबॉय म्हणजे मामा. सफाईवाली आणि आया म्हणजे मावशी. सगळं रुग्णालय म्हणजे एक प्रशस्त आजोळच. फक्त डॉक्टर तेवढे 'साहेब', म्हणजे नात्याबाहेरचे.

बाबा झाले 'सिस्टरांचे मिस्टर'. ते पोस्टात कारकून होते, चांगली पंचवीस वर्षं खिडकीवर बसले, पण स्वतःच्या नावाने ते गावात फक्त मनिऑर्डरच्या पावतीवर ओळखले गेले. खरं तर आई गावाची बहीण, तर बाबा गावाचे दाजी. तो मान त्यांना कुणी दिला नाही. "दाजी, पाच अंतर्देशीय द्या" असं त्यांना एकदाही ऐकायला मिळालं नाही. मी मात्र शब्दशः गावाचा भाचा होतो. भाचा म्हटल्यावर मामांनी लाड करायचे, पण 'गप बस, नाहीतर सिस्टरांकडे नेईन, सुई टोचतील' या धमकीवर वाढलेली आमच्या वयाची सगळी पोरं माझ्या घरासमोरून पळत जात. माझ्याकडे कुणी खेळायला येत नसे. परसातल्या पेरूच्या झाडाला मात्र याचा फायदा झाला. त्याचा एकही पेरू कधी चोरीला गेला नाही.

आई नर्सिंग शिकली मिरजेला. मिरजेत तंबोरे तरी करतात नाहीतर ऑपरेशनं तरी, अशी त्या गावाची ख्याती. अमेरिकन मिशनच्या डॉ. वॉनलेस नावाच्या मिशनऱ्याने १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं, तिथपासून ऑपरेशनांची ख्याती सुरू झाली. आई १९५६ साली मॅट्रिक झाल्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन तिथे गेली. घरी पाच बहिणी आणि एक म्हैस. नर्सिंगला विद्यावेतन मिळायचं, शिवाय राहण्या-जेवणाची सोय, यापलीकडे तिला सेवेची वगैरे ओढ होती असं ती स्वतःही कधी म्हणाली नाही. भावकीने आजोबांना विचारलंच, "पोरीला लोकांची घाण काढायला पाठवणार?" रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून बायकांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससूनमध्ये पाठवायला सुरुवात केली, त्याला तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. पण ती बातमी आमच्या भावकीपर्यंत पोचायची होती. पुण्याहून आमच्याकडे यायला एसटीला सहा तास लागत, विचारांना थोडे जास्त.

आईबाबांचं लग्न कसं जमलं हे आम्हाला बरीच वर्षं सांगितलं गेलं नव्हतं. "साताऱ्याला ओळख झाली," एवढंच. शेवटी आत्याने फोडलं. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला एनिमा द्यायची तेव्हा रीत होती. तो द्यायला जी सिस्टर आली, ती आई. आता कांदेपोहे घेऊन येणारी मुलगी आणि एनिमाचं भांडं घेऊन येणारी मुलगी यांच्यात काही फरक आहे की नाही? पण बाबांनी पंधरा दिवसांत तिला मागणी घातली. त्यांच्या धैर्याचं मला आजही कौतुक वाटतं. या प्रसंगानंतर संसारात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवणार तरी कुठल्या तोंडाने?

अडचण होती ती आजीची, म्हणजे बाबांच्या आईची. आजी कडक सोवळ्याची. परक्या पुरुषांना हात लावणारी, बाळंतिणींचं करणारी सून तिच्या स्वयंपाकघरात येणार म्हटल्यावर तिने दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं की उपासाने चक्कर आली तर सिस्टर सलाइन लावतील. तेव्हा आजी जेवली.

लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात लोणचं घालायचं होतं. आजी न्हाऊन, ओल्या नेसत्या लुगड्याने, कुणी शिवू नये म्हणून अंग चोरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. आणि आत आई. तिने बरण्या उकळून, उन्हात पालथ्या घालून घेतल्या होत्या. नखं कापलेली, हात कोपरापर्यंत साबणाने तीनदा धुतलेले, आणि ऑपरेशन थिएटरात धरतात तसे दोन्ही पंजे वर केलेले, म्हणजे कोपराचं पाणी बोटांकडे येत नाही. आजी पुढे झाली तशी आई ओरडली, "शिवू नका! मी धुऊन आलेय!"

असं आयुष्यात प्रथमच आजीला कुणीतरी म्हटलं होतं. ती जागच्या जागी थांबली. पुढचा तासभर दोघी एकमेकींना न शिवता फोडी भरत होत्या. लोणचं काढायला आईने चिटल फोर्सेप आणला होता. चिटल फोर्सेप म्हणजे जंतुनाशकाच्या उभ्या बाटलीत कायम बुडवून ठेवलेला लांब वाकड्या टोकांचा चिमटा. ड्रममधली निर्जंतुक पट्टी हात न लावता त्याने उचलतात. आईने स्वतःच्या पैशाने मिरजेहून विकत घेतला होता, पावतीसकट. तो आजीने निरखून पाहिला आणि तिचं मन फिरलं. बरणीत बोट नाही, चमचा नाही, उष्टं-खरकटं तर नाहीच. "हिचं सोवळं माझ्यापेक्षा कडक आहे हो," असं ती नंतर शेजारच्या काकूंना सांगताना आम्ही ऐकलेलं आहे. विटाळ आणि इन्फेक्शन हे दोन शब्द आमच्या घरात अनेक वर्षं एकाच अर्थाने वापरले गेले. आजी देवाला भिऊन हात धुवायची आणि आई जंतूंना. आम्ही दोघींना भिऊन धुवायचो.

आमच्या कुकरलाही शिट्ट्या मोजत नसत. आईच्या मते कुकर आणि रुग्णालयातला ऑटोक्लेव्ह हे सख्खे भाऊ. चौरस इंचाला पंधरा पौंड दाब, १२१ अंश तापमान, दोघांचा हिशेब तोच. ऑटोक्लेव्हमध्ये उपकरणं पंधरा मिनिटं ठेवतात म्हणून आमच्याकडे तुरीची डाळही शिट्टीनंतर घड्याळ लावून पंधरा मिनिटं. डाळ शिजायची की नाही हा वेगळा मुद्दा, पण आमच्याइतकं निर्जंतुक वरण जिल्ह्यात कुठे मिळत नसावं.

घरातला पलंगही असाच. चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली इतके ताणून खोचलेले, की आत शिरायचं म्हणजे लिफाफ्यात पत्र घालायचं कसब हवं. बाबा पोस्टातले म्हणून त्यांना जमायचं. माझं लग्न झालं त्या रात्री पलंगाला फुलं वगैरे होती, पण चादर आईने घातली होती. पुढचं सांगत नाही. आम्ही दोघं पंधरा मिनिटं कोपरे सोडवत होतो.

आता रजिस्टर. सरकारी रुग्णालयात नर्सचं निम्मं आयुष्य रुग्णापाशी जातं आणि निम्मं वहीपाशी. ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, पोटात किती गेलं नि बाहेर किती आलं त्याचा तक्ता, औषधांची मागणी आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर. वॉर्डातली प्रत्येक कॉट, प्रत्येक तांब्या, प्रत्येक बेडपॅन त्यात. सरकारी वस्तू फुटली म्हणून टाकून देता येत नाही. ती जपून ठेवायची, वरून कुणीतरी येऊन ती फुटली आहे याची खात्री करून घेणार, मग तिचं 'निर्लेखन' होणार आणि मगच ती फुटलेली समजली जाणार. तोवर ती कागदोपत्री धडधाकट. आईने घरीही तसंच रजिस्टर ठेवलं होतं. लाल कापडी बांधणीचं, दोनशे पानी. फुटलेला कप माळ्यावरच्या खोक्यात जायचा, आणि वर्षाअखेरीस बाबा एकसदस्य समिती म्हणून माळ्यावर चढून, प्रत्येक तुकडा बघून सही करायचे.

सहावीत असताना गणिताची चाचणी चुकवायला मी थर्मामीटर चहात बुडवला. ताप मोजायच्या काचेच्या थर्मामीटरची धाव १०८ पर्यंत. आमचा चहा त्याहून बराच गरम होता. टिक् असा आवाज झाला आणि पाऱ्याचे चंदेरी मणी जमिनीवर घरंगळले. आई रागावली नाही. तिने पारा वहीच्या पुठ्ठ्याने गोळा करून बाटलीत भरला, कुणी शिवायचं नाही म्हणून बजावलं आणि रजिस्टर उघडलं. ती नोंद अजून वाचता येते: 'थर्मामीटर, १ नग, फुटला. कारण: चहा.' मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाचणी किती वाजता आहे?"

माझा एकच प्रयत्न तिने मनापासून घेतला, तो देवीच्या रोग्याचा. १९७५ साली भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं की देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये इनाम. हजार रुपये! आईचा महिन्याचा पगार तेवढा नव्हता. मी नऊ वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत मी आठवडी बाजारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे तपासायला लागलो. मुरुमांच्या पुटकुळ्या असलेला एक कॉलेजकुमार माझ्या मागे धावलासुद्धा. शेवटी कुंभारवाड्यातल्या एका पोराच्या अंगावर फोड आल्याची बातमी घेऊन मी धापा टाकत घरी आलो. आई तेव्हा नाइट करून झोपली होती. उठून बसली आणि पहिल्यांदा माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलली. फोड तळहातावर, तळपायावर आहेत का? तोंडावर जास्त आहेत की पोटा-पाठीवर? सगळे एकाच वयाचे आहेत, की काही नवे, काही पिकलेले, काही सुकलेले? पोटा-पाठीवर जास्त आणि लहान-मोठे मिसळलेले असतील तर कांजिण्या. "जा, नीट बघून ये. हात लावू नकोस."

मी बघून आलो. कांजिण्याच होत्या. आणि काही दिवसांनी मलाही आल्या, कारण त्याच पोराबरोबर मी आधीच्या आठवड्यात विटीदांडू खेळलो होतो. पुढे कळलं की देशातला देवीचा शेवटचा रोगी त्याच वर्षी मे महिन्यात आसामात सापडला होता. म्हणजे मी मोहीम उघडली तेव्हा भारतात मला सापडेल असा रोगी उरलाच नव्हता. १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं तेव्हा रुग्णालयात पेढे वाटले. मला एक कमी दिला असता तरी चाललं असतं.

सणांचं आमच्याकडे पंचांग नव्हतं, ड्यूटीचा तक्ता होता. आईला सकाळपाळी असली तर नरकासुर पहाटे चारला मारला जायचा आणि दुपारपाळी असली तर सकाळी नऊला. केरळहून आलेल्या एक सिस्टर होत्या, त्या दिवाळीत आईची नाइट करायच्या, नाताळात आई त्यांची करायची. त्यामुळे २५ डिसेंबरला आई घरी नसे आणि २६ ला प्लमकेक येई. आजी तो केक खात असे. अंडं असतं हे आम्ही तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

आणि टॉर्च. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आमच्याकडेही पाळायचे. मेणबत्त्या, शपथ, एकेक गुलाब, आणि वर्षभर रजा नाकारणाऱ्या कुणाचं तरी त्यागावर भाषण. नाइटिंगेलबाईंच्या हातात चित्रकार मंडळी अल्लाउद्दिनचा दिवा देतात, पण प्रत्यक्षात तो घडी होणारा तुर्की कंदील होता. शिवाय बाई आकडेवारीच्या पक्क्या, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या स्त्री सदस्य. तेव्हा रजिस्टरचं वेड या व्यवसायात वरूनच उतरलेलं आहे. आईकडे कंदील नव्हता, तीन सेलची बॅटरी होती. नाइट नसली तरी रात्री दोनला तिला जाग यायचीच, आणि मग घरात राउंड. तोंडावर झोत, पांघरूण वर-खाली होतंय ना याची पाहणी, पुढची कॉट. पाहुणे आमच्याकडे दुसऱ्या रात्री राहत नसत.

आजी शेवटी दीड वर्ष अंथरुणाला खिळली. खुब्याचं हाड मोडलं होतं. आईने दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता भिंतीला लावला, घरातल्या प्रत्येकाची त्यावर पाळी. पाठीला स्पिरिट, मग पावडर. दीड वर्षात आजीच्या पाठीवर एक फोड आला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आजी तब्येत विचारण्याआधीच कुशीवर व्हायची आणि म्हणायची, "बघा! काही आहे का?" बाबांच्या साहेबांनाही तिने पाठ दाखवली.

१९९६ ला आई अठ्ठावन्नाची होऊन निवृत्त झाली. दोन वर्षांनी माझी मुलगी जन्मली. आजी झालेली नर्स हा प्रकार आम्हाला नवा होता. न्हाऊ घालणाऱ्या बाईला आईने पहिल्याच दिवशी तोंडी परीक्षेला बसवलं. कानात तेल नाही, नाकात फुंकर नाही, शेगडीची धुरी नाही, बाळगुटी नाही. काजळाची डबी रजिस्टरमध्ये चढवून माळ्यावर ठेवली. सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. माझ्या सासूबाई बारशाला आल्या आणि दुसऱ्या दिवशी हिरमुसून परत गेल्या.

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. पण मुलगी दोन वर्षांची असताना तिला एकदा ताप आला. मी जुन्या शिस्तीने पाहिलं, ९९. "अंग जरा कोमट आहे," मी म्हणालो आणि वर्तमानपत्र उचललं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती बेडपॅन न धुता ठेवणाऱ्या मामांकडे बघायची. मग ती नातीला मांडीवर घेऊन रात्रभर बसली. पहाटे मी पाण्याला उठलो तर आतल्या खोलीतून आवाज आला, "घे गं राणी, दोनच घोट. एवढं घेतलंस ना, की बरं वाटेल हं."

तोच आवाज. सायीसारखा. निवृत्तीच्या दिवशी पेन्शनच्या कागदांबरोबर तिने तो रीतसर घरी आणला असावा.

सकाळी मी तक्रार केली. "आम्हाला १०१ पर्यंत शाळेत पाठवायचीस."

आई घड्या घालत होती. "तुमच्या वेळी मला ड्यूटी होती," ती म्हणाली.

२००९ मध्ये बाबा गेले. २०२२ मध्ये आईला न्यूमोनिया झाला, वय चौऱ्याऐंशी. एका खासगी रुग्णालयात ठेवलं. पेशंट म्हणून ती कशी असेल याची मला धास्ती होती. पहिल्या दिवशी तिने चादरीचा कोपरा तपासला आणि सुस्कारा सोडला. सलाइनचे थेंब घड्याळ लावून मोजले. डॉक्टर राउंडला आले की स्वतःची नाडी आधी सांगून टाकायची, म्हणजे त्यांचा वेळ वाचेल. पण रात्रपाळीला एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती, तिला मात्र ती 'अहो सिस्टर' म्हणायची आणि कधी घंटा वाजवायची नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असायला हवी. तिथे त्या मजल्यावर अठ्ठावीस रुग्ण होते आणि ती एक मुलगी. "तिला कशाला पळवायचं," असं म्हणून आई रात्रीतून नऊ वेळा मला उठवायची.

शेवटच्या रात्री तिला ग्लानी होती. मी खुर्चीत बसलो होतो. दोनच्या सुमाराला, तिच्या नेहमीच्या राउंडच्या वेळेला, तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, हात लांबवून माझी चादर सारखी केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "झोप येत नाही का दादा? पडा हं. मी इथेच आहे. काही लागलं तर हाक मारा."

छप्पन्न वर्षांत तो आवाज माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला. मी तुझा मुलगा आहे असं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "काही झालेलं नाही. ऊठ."

ती गेली सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी. आठला पाळी बदलते. चार्ज देऊन-घेऊन, सह्या होऊन, रात्रीची मुलगी घरी जायला सव्वाआठ होतात. त्याआधी पेशंट गेला की त्या मुलीला थांबून सगळे कागद करावे लागतात. छत्तीस वर्षं नाइट केलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको.

दिवसांना अर्धं गाव आलं होतं. साठीचे बाप्ये येऊन सांगत होते की माझा जन्म त्यांच्या हातचा, आणि दंडावरच्या, कुल्ल्यावरच्या इंजेक्शनांच्या आठवणी काढून रडत होते. एकाने मला मिठी मारून "भाच्या" म्हटलं.

नंतर माळा आवरताना खोकं सापडलं. बाबा गेल्यापासून समितीच नव्हती, त्यामुळे तेरा वर्षांच्या फुटक्या कपबशा, दांडा तुटलेली गाळणी, काजळाची डबी, सगळं तिथे निर्णयाची वाट बघत पडलेलं. एका डबीत, कापसात, बाबांची कवळी. मी रजिस्टर उघडलं. शेवटून तिसऱ्या पानावर आईच्या टाकासारख्या उभ्या अक्षरात नोंद होती: 'कवळी, वरची व खालची, १ संच. २००९ पासून वापरात नाही. शेरा: निर्लेखन करू नये.'

बाकीच्या वस्तू मी एकेक करून पाहिल्या आणि प्रत्येकीपुढे सही केली. सहीखाली पद लिहायचा रकाना होता. तिथे 'सिस्टरांचा मुलगा' असं लिहिलं. कवळी परत कापसात गुंडाळून ठेवली आहे, चिटल फोर्सेपच्या शेजारी.